नाव न घेता वाढलेलं पान

१

दोन दिवस कुठेही जायचं म्हटलं की मृणालिनीची यादी फोनमध्ये तयार असे. रेनकोट, चार्जर, मॅगी, ईशानीचा कापडी ससा. या खेपेला त्या यादीत खीर, उडदाचे वडे, आमसुलाची चटणी, काळे तीळ आणि केळीची पानं यांची भर पडली होती. पानं आर्नहेमच्या तोकोतून, म्हणजे आशियाई किराणा दुकानातून, फ्रोझन आणलेली. सफारीला निघताना श्राद्धाचा स्वयंपाक डब्यांत भरून नेणारं नेदरलँड्समधलं आपलंच पहिलं कुटुंब असणार, या विचारानं तिला गाडीत हसू आलं. आशुतोषला सांगितलं असतं तर तोही हसला असता, पण तो आज सकाळपासून गप्प होता.

तसा दोष कोणाचाच नव्हता. नदीकाठच्या सफारी पार्कमधलं हे लॉज तिनं मार्चमध्येच बुक केलं होतं आणि अण्णांची तिथी नेमकी त्याच शनिवारी आली. घरी फ्लॅटच्या बाल्कनीत पान ठेवायची सोय नव्हती. गेल्या वर्षी तिनं नुसता दहीभात ठेवला, तर खालच्या बाईंनी बिल्डिंगच्या ग्रुपवर सीगल पक्ष्यांचा फोटो टाकून जाब विचारला. मग आशुतोषच म्हणाला, "तिथं नदी आहे, मोकळा काठ आहे. कावळेही असतील. आपल्या बाल्कनीपेक्षा बरं."

अण्णा म्हणजे आशुतोषचे वडील. साताऱ्याला असायचे. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर त्यांचं एकच पालुपद असे, "पोरीला महिनाभर पाठवा रे माझ्याकडं." पाच वर्षांत या दोघांनी तीनदा तिकिटं काढली आणि तीनदा रद्द केली. एकदा कोविड, एकदा परमिटचं रिन्यूअल, एकदा आशुतोषची नवी नोकरी. चौथ्यांदा काढायच्या आत अण्णा गेले. नातीला त्यांनी कधी मांडीवर घेतलं नाही आणि मुलानं त्यांचे अंत्यसंस्कार लॅपटॉपवर पाहिले. तेव्हापासून घरात अण्णांचा विषय निघाला की आशुतोष उठून भांडी घासायला लागे.

लॉज मात्र छान होतं. गवती छप्पर, कॅनव्हासच्या भिंती, कोपऱ्यात ढोल, दारावर 'ओकावांगो' अशी पाटी आणि पायाखाली गुपचूप चालणारं हीटिंग. आफ्रिकेला न जाता आफ्रिकेत राहिल्याचं समाधान मिळावं म्हणून डच लोकांनी काही कमी ठेवलं नव्हतं. पुढं लाकडी डेक, डेकखाली गवताचा उतार आणि मग नदी. पलीकडच्या काठावर जिराफ आणि झेब्रे मोकळे चरत होते. मध्ये कुंपण नव्हतं, नदी हेच कुंपण.

"कैक, ममा, कैक!" ईशानी डेकवर उड्या मारत ओरडली. बघ, बघ. तिला मराठी सगळं समजे, उत्तर मात्र कायम डचमध्ये येई.

किल्ली देताना रिसेप्शनवरची बाई म्हणाली होती, "बाहेर खायचं काही ठेवू नका हं, प्लीज." आशुतोषनं ऑफिसच्या मीटिंगमध्ये हलवतो तशी मान हलवली.

२

बारा वाजता साताऱ्याहून गुरुजींचा व्हिडिओ कॉल आला. आशुतोष थर्मलवर धोतर नेसून, जानवं उजव्या खांद्यावर घेऊन काठावर पाटावर बसला. फोन मृणालिनीनं धरला. ती सॉफ्टवेअर टेस्टर होती. एखादी पायरी गाळली गेली की तिला ते चपलेत खडा गेल्यासारखं लागे.

"आता हातात तीळ-पाणी घ्या," गुरुजी म्हणाले, "आणि म्हणा, अमुक गोत्रातले, अमुक नावाचे माझे..."

आणि स्क्रीन थिजली. गुरुजींचं तोंड अर्धवट उघडं राहिलं. पार्कचं वायफाय डेकपर्यंतच येत होतं. आशुतोषच्या ओंजळीतलं पाणी बोटांतून गळत होतं. दोन मिनिटांनी गुरुजी परत आले ते घाईतच.

"झालं ना नाव-गोत्र म्हणून? सोडलं पाणी?"

"हो, झालं," आशुतोष म्हणाला.

झालं नव्हतं. पाणी नुसतंच गळून गेलं होतं. मृणालिनीनं त्याच्याकडे पाहिलं, त्यानं नजर चुकवली. गुरुजींना अजून दोन ठिकाणचे कॉल होते, खीर गार होत होती, आणि आपल्याच बापाला बोलवायला नाव-गोत्र कशाला हवं, असा काहीसा भाव त्याच्या चेहऱ्यावर होता. ती गप्प बसली. पुढं तिला सगळ्यात जास्त लागलं ते हेच.

पान वाढलं. भात-वरण, भाजी, वडे, खीर. उतारावर, पाण्यापासून चार हातांवर ठेवलं आणि दोघं मागं सरली.

"काव, काव," आशुतोषनं हाक मारली. पलीकडच्या वाळक्या झाडावर दोन कावळे होते. त्यांनी माना वळवून पाहिलं आणि जागचे हलले नाहीत.

अर्धा तास झाला. कावळा शिवत नाही म्हटल्यावर माणूस जे करतं तेच आशुतोष करू लागला. गेलेल्याचं मन कशात अडकलंय ते शोधत एकेक कबूल करू लागला. "अण्णा, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन करू." कावळे ढिम्म. "घर विकणार नाही." ढिम्म. "दर वर्षी येऊ." मग त्याचा आवाज फुटला. लॅपटॉपवर चिता बघतानाही जो रडला नव्हता तो पुरुष नदीकाठी गुडघ्यांवर बसून हुंदके द्यायला लागला. 

"ईशानीला पाठवतो," तो म्हणाला. "या, जेवा, आणि न्या तिला. हवे तितके दिवस ठेवून घ्या. मी नाही म्हणणार नाही."

दोन्ही कावळे एकदम उडाले, पण नदीकडे न येता विरुद्ध दिशेला. पलीकडच्या जिराफांनी माना वर केल्या. मग ते सगळे, घाई न करता, मागं मागं सरकत काठापासून दूर गेले. जिराफ असे उलटे चालतात हे मृणालिनीला माहीत नव्हतं.

तेवढ्यात आत ढोल धाडकन पडला आणि ईशानी रडली. दोघं मागं वळली. मृणालिनीनं डेकवर एक पाऊल टाकलं असेल नसेल. ईशानीला काही लागलं नव्हतं. मृणालिनीनं परत वळून पाहिलं तेव्हा पान रिकामं होतं.

३

रिकामं म्हणजे पुसून घेतल्यासारखं रिकामं. वड्याचा कण नाही, खिरीचा थेंब नाही. फक्त कडेला, डेकच्या बाजूला, खिरीत कालवलेल्या भाताचा एक घास वळून ठेवला होता. लहान मुलाच्या तोंडात मावेल एवढाच.

मृणालिनीनं मनातल्या मनात शक्यता मांडल्या. हंस. कोल्हा. पाणमांजर. शेजारच्या लॉजमधलं कोणाचं तरी कुत्रं. प्रत्येकापुढं तिला काही ना काही अडचण दिसत होती. गवत ओलं होतं आणि त्यावर पाऊल नव्हतं. पानावर वरणाचे चार ओरखडे होते, बोटं फिरवून निपटल्यासारखे. ते पानाच्या मध्यापासून थेट कडेपर्यंत सलग गेले होते. तिनं आपला पंजा त्यावर धरून पाहिला. तिची बोटं निम्म्यातच संपत होती.

"अण्णा आले," आशुतोष म्हणत होता. त्याचा चेहरा लहान पोरासारखा झाला होता. "मृणाल, आले गं ते. इतक्या लांब आले."

दोन वर्षांत तिनं त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. त्या आनंदावर पाणी फिरवायची तिची छाती झाली नाही. तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि त्याला आत नेऊन पाणी दिलं. मग पान उचलून टाकायला ती परत बाहेर आली.

घास पानावर नव्हता. डेकच्या पायरीवर ईशानी बसली होती, गाल फुगवून, तोंड हलवत.

"ईशू! काय खातेस? थुंक आधी!"

ईशानीनं गिळलं. "आजोबांनी भरवला," ती म्हणाली. "एक घास काऊचा झाला म्हणे. आता माझा."

मृणालिनीला पहिल्यांदा नुसतं वाईट वाटलं, पोरीनं उष्टं खाल्लं म्हणून. पोरगी मराठीत बोलली हे तिच्या लक्षात यायला दोन क्षण लागले. साधी, चोख, न अडखळता. काऊचिऊचे घास करून ईशानीला कोणी कधी भरवलंच नव्हतं. ती वर्षाची असतानाच पाळणाघरात काट्यानं बटाटा खायला शिकली होती.

४

चारला सफारीच्या ट्रकमधून फेरी होती. गाईड मुलगी सारखी माफी मागत होती. या वेळी म्हणे प्राणी नेहमी नदीवर पाणी प्यायला येतात, आज काय झालंय कळत नाही. सगळे जिराफ, झेब्रे, हरणं पार्कच्या दुसऱ्या टोकाला, कुंपणाला अंग लावून दाटीवाटीनं उभे होते. ईशानीनं त्यांच्याकडे बघितलंही नाही. ती पाठमोरी बसून रिकाम्या काठाकडे हात हलवत होती.

संध्याकाळी ती जेवली नाही. "पोट भरलंय," म्हणाली.

"मॅगी पण नको?" मृणालिनीनं विचारलं. या प्रश्नाला आजवर नकार आलेला नव्हता.

"नको. तिकडं गेल्यावर खाईन."

"तिकडं म्हणजे कुठं, सोन्या?"

ईशानीनं नदीकडे बोट केलं. "आजोबांकडं. सकाळी येणारेत न्यायला. बाबांनी कबूल केलंय ना."

आशुतोषनं तिला मांडीवर घेतलं. त्याचे डोळे पुन्हा भरले. मृणालिनीनं हातातली प्लेट खाली ठेवली आणि आवाज शक्य तितका सहज ठेवत विचारलं, "कसे दिसतात गं आजोबा?"

"उंच."

"बाबांएवढे?"

ईशानीनं विचार केला. "जिराफाएवढे नाहीत. थोडे कमी. पाण्यात उभे राहिले ना, तर पाणी इथपर्यंतच येतं." तिनं आपल्या गुडघ्याला हात लावला. पार्कच्या बोटी त्या पाण्यातून जात.

पोरगी झोपल्यावर मृणालिनी म्हणाली, "आशू, अण्णा पाच फूट दोन इंच होते."

"लहान आहे ती. तिला सगळेच उंच वाटतात."

"आपण निघूया. आत्ता."

"सहानंतर लॉजच्या भागात गाड्या सोडत नाहीत, गेट बंद असतं. आणि कशासाठी निघायचं? माझे वडील एकदा आले मृणाल, एकदा! तेही तुला नको झालंय का?"

"तू नाव घेतलं नाहीस," ती म्हणाली. "गोत्र नाही, नाव नाही. नुसतं या, जेवा म्हणालास. कोणाला जेवायला बोलावलंस, तुला तरी माहीत आहे का?"

 तो उठला, सिंकपाशी गेला आणि स्वच्छ असलेली एक वाटी घासू लागला. बराच वेळ घासली. शेवटी पाठ न वळवता म्हणाला, "सातला गेट उघडतं. उघडलं की निघू."

दाराला आतून ढोल लावून, ईशानीला मध्ये घेऊन दोघं पडून राहिली.

५

सकाळी धुकं होतं. डेकच्या पलीकडे नदी आहे हे सांगून कळावं इतकं. आशुतोषनं ईशानीला लॉजमागं उभ्या गाडीत बसवलं, पट्टा लावला, मग किल्ली द्यायला रिसेप्शनकडे धावला. शंभर पावलांचा रस्ता.

मृणालिनीनंही गाडीत बसायचं होतं. पण ती गाडीच्या दारापाशी थांबली. घरी गेल्यावर काय? कबूल केलेलं कबूलच राहणार. आज सकाळी नाही तर पुढच्या एखाद्या सकाळी, शाळेच्या फाटकापाशी, कालव्याच्या कडेला. एवढ्या पाण्याच्या देशात पोरीला किती जपणार? तिच्या पिशवीत शेवटचं एक पान होतं आणि डब्यात थोडा दहीभात. हे आपण काय करतोय, असं स्वतःला विचारतच ती उतारावर गेली.

तिनं पान मांडलं. या वेळी पायरी गाळली नाही. अण्णांचं नाव घेतलं, त्यांच्या वडिलांचं घेतलं, गोत्र घेतलं. "अण्णा, तुमच्या नातीला सांभाळा," म्हणाली. धुक्यात काही हललं नाही. अण्णा साताऱ्यालाच गेले होते आणि तिथंच राहिले होते, हे तिला त्या क्षणी अगदी लख्ख कळलं. बिचाऱ्यांना इथला पत्ताही कधी नीट म्हणता आला नव्हता.

मग तिनं दुसऱ्याशी बोलायला सुरुवात केली.

"काल जेवायला आलात ते," ती म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला अनोळखी वाटत होता. "आमचं चुकलं. त्यानं भलत्याला दिलेला शब्द आहे. परत घेते."

पानावरचा भात तसाच.

"दर वर्षी इथं येऊन पान वाढू." तसाच. "दर महिन्याला." तसाच. काल आशुतोषची अवस्था काय झाली असेल ते तिला आज समजत होतं. समोरच्याला काय हवंय ते माहीत नसताना एकेक काढून पुढं करत राहायचं.

धूसर पाण्यात जिराफाचे पाय दिसत होते. उंच, बारीक, गुडघ्यापर्यंत बुडालेले. परत आले वाटतं जिराफ, असं वाटून तिला हायसं झालं. पाय दोनच होते. तिनं पुन्हा मोजले. उरलेले दोन धुक्यात असतील म्हणून ती थांबली, आणि धुकं थोडं सरकलं, आणि दोनच होते.

मागं गाडीचं दार वाजलं.

ईशानी अनवाणी उतारावरून येत होती. धावत नव्हती. ओळखीच्या घरी निघाल्यासारखी नीट चालत होती, एक हात पुढं आणि थोडा वर, उंच माणसाचं बोट धरायला करतात तसा. "ईशू, थांब!" मृणालिनीनं झेप घेऊन तिला कमरेला पकडलं. पोरगी थांबली नाही. अठरा किलोची पोर, पण आईला सोबत ओढत एकेक पाऊल पाण्याकडे टाकत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हट्टही नव्हता. आईच्या टाचांखाली गवत सोलून निघत होतं. आशुतोष कुठून तरी लांबून हाका मारत होता.

पाणी पायाला लागलं, बर्फासारखं. मृणालिनीला भीती वाटायची थांबली. तिला फक्त राग आला. आशुतोषचा, गुरुजींचा, काल गप्प बसलेल्या स्वतःचा. ती मान वर करून ओरडली.

"तिनं काही कबूल केलेलं नाही! ज्यानं शब्द दिला त्याला तो द्यायचा हक्क नव्हता! मी आई आहे, मी देते. हिच्याऐवजी मी येते. मी, मृणालिनी." आणि तिनं आपलं पूर्ण नाव घेतलं. माहेरचं, सासरचं, दोन्ही गोत्रांसकट.

तिच्या हातांतली ओढ सुटली. ईशानी मटकन पाण्यात बसली आणि क्षणभर थांबून भोकाड पसरून रडायला लागली. "काउट!" थंडी वाजतेय म्हणून ती डचमध्ये ओरडत होती. "बाबा, काउट!" आशुतोष धापा टाकत आला, त्यानं तिला उचललं, छातीशी धरलं. "मृणाल, चल! चल ना! काय बघतेस?"

ती पानाकडे बघत होती. दहीभातात चार खळगे पडले होते. ते हळूच जवळ आले, भात एकत्र झाला, पुन्हा दाबला गेला, कडा नीट वळल्या गेल्या. कोणीतरी फार काळजीनं घास करत होतं. या वेळचा घास मोठा होता, मोठ्या माणसाच्या तोंडाचा. तो पानावरून उचलला गेला आणि धुक्यातून, वरून, तिच्याकडे येऊ लागला.

"तू पुढं हो," ती आशुतोषला म्हणाली. "तिचे कपडे बदल. मागच्या बॅगेत आहेत."

त्याची पावलं उतार चढून गेली. ईशानीचं रडणं लांब होत गाडीत शिरलं, दार बंद झालं. मृणालिनीनं ते सगळं नीट ऐकून घेतलं. घास तिच्या ओठांपाशी येऊन थांबला. त्याला दह्याचा वास होता आणि खाली नदीतल्या गाळाचा. समोरचं घाई करत नव्हतं, लेकराला भरवताना करत नाहीत तसं.

तिनं तोंड उघडलं.